राजीनाम्याआधी पॉलिसीचे कागद काढा

भांडुपहून एका ताईंनी लिहिले आहे. वय ५३, अंधेरीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत पांढऱ्या पेशी ३८ हजार निघाल्या. पुढे निदान झाले क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, रक्ताचा एक कर्करोग. या आजाराचा टप्पा ज्या राय पद्धतीने मोजतात, तिच्यात स्टेज शून्य, म्हणजे अगदी सुरुवात. डॉक्टरांनी औषध दिलेले नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितले आहे. यजमानांचे इलेक्ट्रिकल सामानाचे छोटे दुकान आहे, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात जवळजवळ ठरले आहे: ताईंनी नोकरी सोडायची, पीएफचे २६ लाख काढायचे, त्यातून गृहकर्जाचे उरलेले १२ लाख फेडायचे आणि घरी आराम करायचा. "पोरावर कर्ज ठेवून जायचं नाही मला," असे त्या लिहितात.

ताई, तुमचे ते वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबलो. पण माझे मत स्पष्ट आहे: राजीनामा देऊ नका.

"औषधसुद्धा दिलं नाही, म्हणजे हाताबाहेर गेलं का?" असे तुम्ही विचारले आहे. तसे नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या सीएलएलला लगेच औषध दिल्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही, म्हणून डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात. अनेकांना कित्येक वर्षे औषध लागत नाही, काहींना कधीच लागत नाही. तुमच्या बाबतीत काय होईल ते तुमचे डॉक्टरच सांगतील. मी पैशांचा माणूस आहे आणि मला यात वेळ दिसतो. मागे फिरवता येणार नाही अशा निर्णयात हा वेळ घालवू नका.

आता हिशेब. तुमचा पगार हातात ६२ हजार, दुकानातून साधारण २८ हजार येतात, हप्ता १९ हजार. कर्ज फेडले की १९ हजार वाचतील, पण ६२ हजार बंद होतील. हप्ता सोडून घरखर्च आणि फी मिळून ४५ हजार म्हणता, म्हणजे महिन्याला १७ हजारांची तूट. पीएफमधले उरलेले १४ लाख ती तूट सुमारे सात वर्षे भरून काढतील, तेही आजारावर एक रुपया खर्च न होता. तेव्हा तुम्ही साठीला आलेल्या असाल. शिवाय कर्जाचा दर ८.५ टक्के आणि पीएफवर मिळतात ८.२५ टक्के. एवढ्याशा फरकासाठी पीएफ रिकामा करण्यात अर्थ नाही.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत मला सर्वांत मोलाचा वाटला तो ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेमचा. पाच लाखांचे संरक्षण, तिघांना, आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. घरची वेगळी मेडिक्लेम तुमच्याकडे नाही. नोकरी सुटली की हे छत्र जाईल. या निदानानंतर नवी पॉलिसी मिळणे फार अवघड, आणि मिळालीच तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. कधी नोकरी सोडावीच लागली, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज राजीनाम्याच्या आधी करा. तिथेही कंपनी तपासून ठरवते, म्हणून होकार लेखी हातात आल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नका.

एचआरला एक प्रश्न ईमेलने विचारा: घरी घ्यायच्या कॅन्सरच्या गोळ्यांचा खर्च पॉलिसीत बसतो का, आणि किती मर्यादेपर्यंत? सीएलएलवर आज इब्रुटिनिब, व्हेनेटोक्लॅक्ससारख्या गोळ्या आहेत. त्या महाग आहेत आणि बऱ्याचशा घरी बसून घ्यायच्या असतात. मेडिक्लेम मात्र मुळात दवाखान्यात दाखल होण्यावर बेतलेली. उत्तर गरज पडण्याआधी माहीत असू द्या.

आता तुमची १५ लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे ठरावीक गंभीर आजाराचे निदान झाले की एकरकमी पैसे देणारी. क्लेम करू का, असे विचारता. पॉलिसीत कर्करोगाची व्याख्या दिली आहे, तिच्याखालची वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. "राय स्टेज ३ पेक्षा कमी असलेला सीएलएल" तिथे आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या व्याख्येतच तो आहे, म्हणून कंपनी बदलूनही उपयोग नाही. आज क्लेम केला तर नाकारला जाईल.

तरीही ही पॉलिसी बंद करू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचा क्लेम याच कारणाने नाकारला गेला. "कॅन्सरला कॅन्सर म्हणत नाहीत, यांना पैसे कशाला द्यायचे," म्हणून त्यांनी रागाने हप्ता थांबवला. दोन वर्षांनी ते माझ्यासमोर रिपोर्ट घेऊन बसले होते. हिमोग्लोबिन १०.२. सीएलएलमुळे ते ११ च्या खाली गेले की स्टेज ३ धरतात. त्यांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला होता आणि बोट त्यावरून उचलत नव्हते. पॉलिसी तोवर लॅप्स झाली होती. त्यांना थोपवायला मी तेव्हा जोर लावायला हवा होता, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

बाकी पैशांबद्दल थोडक्यात. एफडीतले ९ लाख कर्जात घालू नका. त्यातले ६ लाख फक्त आजारासाठी, मोडता येईल अशा दोन-तीन एफडींत ठेवा. पीपीएफ राहू द्या. खाते पाच वर्षांहून जुने आहे, त्यामुळे गंभीर आजारासाठी ते मुदतीआधी बंद करता येते, व्याज एक टक्का कमी मिळते इतकेच. यजमान आणि मुलगा निरोगी आहेत तोवर त्या दोघांची वेगळी मेडिक्लेम याच महिन्यात काढा. अर्जात विचारतील ते सगळे खरे लिहा.

नोकरीत खरा त्रास प्रवासाचा आहे, हे तुमच्या पत्रातून कळते. भांडुप ते घाटकोपर लोकल, मग तो पूल चढून मेट्रो. सीएलएलमध्ये प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे गर्दीची भीती अनाठायी नाही. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि साहेबांकडे दोन दिवस घरून काम, उरलेले दिवस लवकरची वेळ मागा. पगार थोडा कमी झाला तरी चालेल, पटावर नाव राहू द्या. लसींचेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि क्रिटिकल इलनेसचा हप्ता १७ तारखेला ज्या खात्यातून कापला जातो, त्यात पुरेसे पैसे आहेत ना, ते आज रात्रीच बघा.