रेडी-टू-ईट पाकिटं आली, मग लष्करात लांगरी (स्वयंपाकी) कशाला लागतात? पूर्वीचं आणि आताचं रेशन किती वेगळं आहे?

मी स्वतः लांगरी होतो, १७ वर्षं. आता परळला एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. प्रश्न वाचून डबा तसाच झाकून लिहायला बसलो, कारण माझा मेहुणा दर गणपतीत भांडुपच्या घरी, भरल्या पंगतीत हेच विचारतो. "दाजी, पाकीट फोडायचं नि गिळायचं. तुम्ही तिथं करत काय होतात?"

पाकीट फोडता येतं हो. गिळायला ते आधी वितळावं लागतं.

१८ हजार फुटांवर पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसेल तर डाळ दिवसभर रटरटली तरी दाताखाली कचकच करते. रॉकेल मोजून मिळतं आणि त्यातलं निम्मं प्यायच्या पाण्यासाठी बर्फ वितळवण्यातच जातं. म्हणून आम्ही पाकिटं बर्फाच्या त्याच भांड्यात टाकायचो. पाकीट गरम, वर चहाला पाणी. हे कुठल्या पाकिटावर छापलेलं नसतं.

एका जानेवारीत आमच्या चौकीवरचे चौघं वाटेत वादळात अडकले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. स्टोव्ह पेटलाच नव्हता, त्यामुळे राजमा-चावलची पाकिटं पिट्टूत (पाठीवरच्या पिशवीत) जशीच्या तशी, विटा झालेली. शक्करपाऱ्यांची पिशवी मात्र रिकामी. (शक्करपारे म्हणजे आपले शंकरपाळेच.) ते मी आदल्या रात्री तळले होते, मोहन सढळ घालून, आणि मुद्दाम बोटाएवढे लांब कापले होते. जाड हातमोज्यात चौकोनी तुकडा धरता येत नाही आणि मोजा काढला तर बोट जायची भीती. आमचे उस्ताद त्यावरून मला ओरडलेही होते, "शक्करपारा ऐसा होता है क्या?" साताऱ्याचा एक नाईक तंबूत शिरला आणि पाणी मागायच्या आधी म्हणाला, "आणखी आहेत का?"

आता रेशनचं. पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ मध्ये, इराकमधल्या कूटच्या वेढ्यात इंग्रजांच्या हिंदी फौजेची सहावी पूना डिव्हिजन अडकली, त्यात मराठा पलटणीही होत्या. शेवटी घोडे कापायची वेळ आली, तरी आपल्याकडच्या बऱ्याच जवानांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जवान काय खातो आणि काय खात नाही हे न बघता रेशन ठरवलं की असं होतं. पुढे १९६१ मध्ये मैसूरला संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा निघाली. जड डब्यांच्या जागी हलकी पाकिटं आली ती तिथल्या कामामुळे. आत ॲल्युमिनियमचा थर, बंद करून १२० अंशांच्या पुढे तापवलेलं, त्यामुळे वर्षभर बाहेर टिकतं. आमच्या टॉवरमधली मंडळी मायक्रोवेव्हमध्ये फिरवतात ती पुलाव-राजम्याची पाकिटंही त्याच जातीची.

पाकिटांना मी नावं ठेवत नाही. गस्तीवर डबे वाहण्यापेक्षा शंभर पटीनं बरी, आणि ऊब मिळाली तर चवही वाईट नाही. शिवाय मी सांगतोय ते उंचावरच्या चौकीचं. बेळगावसारख्या छावणीत रोज ताजी डाळ-रोटी असते, आणि तीही कोणी लांगरीच करतो. आणि हो, लांगरीलाही रंगरूट म्हणून रायफल चालवायला शिकावंच लागतं. मेहुण्याला हे सांगितलं तर तो हसतो.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर राजम्याचं एक पाकीट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी गॅस न पेटवता खाऊन दाखवा. मेहुण्याला हेच सांगून तीन गणपती झाले. डबल डोअरचा फ्रीज आहे त्याच्याकडे. पाकीटसुद्धा मीच नेऊन दिलंय.