वहिनी दुबईला आहे म्हणे

तू रात्री पावणेबाराला पाठवलेले अकरा स्क्रीनशॉट सकाळी चहा घेताना बघितले. गाडी छान आहे, ४२ हजार किलोमीटर, टायर नवे, सगळं मान्य. अकरातले दहा गाडीचे फोटो आणि एक त्या माणसाचं चॅट, आणि जे काय आहे ते त्या एका चॅटमध्येच आहे रे. गाडी वहिनीच्या नावावर आहे, ती दुबईला असते, लोन कधीच क्लिअर झालंय फक्त बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) यायचीय, गणपतीच्या तोंडावर गिऱ्हाईकं खूप आहेत तेव्हा आज संध्याकाळपर्यंत २५ हजार टोकन टाका. आणि खाली तुझा प्रश्न, काका जीपे करू का?

नको करूस. यंदा बाबांना रेल्वेच्या गर्दीत न चेपता गावी न्यायचंय हे मला माहितेय, त्यावर मी बोलत नाही. मी एकच सांगणार आहे आणि पुढेही तेच सांगणार आहे, कंटाळलास तरी. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर, ज्याचं नाव आहे तो माणूस समोर आल्याशिवाय खिशातून रुपया काढायचा नाही. दीर नाही, मित्र नाही, एजंट नाही. नावाचा माणूस.

२०११ साली मी एक सेकंडहँड व्हॅन घेतली होती, १ लाख ८५ हजारांना. विकणारा नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खायचा. आरसी त्याच्या कुणा चुलतभावाच्या नावावर. म्हटलं असू दे, माणूस आपला आहे. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला, तो गोल लाल शिक्का बघून मला वाटलं झालं आता आपलं काम. आरसीची झेरॉक्स दिली ती एकाच बाजूची, आणि गाडी घेतल्यावर कार्ड हातात आलं तरी मी ते उलटं करून बघितलं नाही. मागच्या बाजूला फायनान्सरचं नाव छापलेलं होतं. सात महिने ते कार्ड माझ्या पाकिटात होतं!! एका सकाळी सहाला दूध आणायला खाली उतरलो तर गाडीच्या जागी फक्त ऑइलचा डाग, आणि वॉचमनच्या हातात एक कागद, हप्ते थकले म्हणून गाडी उचलली. मागच्या सीटवर मुलीचे रंग आणि ड्रॉइंगबोर्ड होता, तिची एलिमेंटरीची परीक्षा होती त्या आठवड्यात. चौकीत गेलो तर म्हणाले हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. डबेवाल्या मित्राने फोन उचलणं बंद केलं. चुलतभावाला शोधून काढला तर तो म्हणाला मी तुम्हाला ओळखत नाही. खोटं नव्हतं बोलत तो, मी त्याला कधी भेटलोच नव्हतो.

म्हणून नावाचा माणूस.

आता तुझ्या गाडीचं. नंबर एमएच ४७ चा आहे म्हणजे बोरिवली आरटीओ. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकलास ते बरं केलंस, पण तिथे मालकाचं नाव अर्धं फुल्या मारून येतं, त्याच्यावरून काही ठरत नाही. फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव दिसतंय ते मात्र नीट बघ. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, लोन फिटलंय पण आळसाने कुणी आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवला नाही, असे लोक ढिगाने आहेत. दुसरा, लोन चालूच आहे. यातलं कुठलं ते दीर सांगू शकत नाही, बँकेचं पत्रच सांगू शकतं, आणि बँक ते पत्र दिराला देणार नाही, वहिनीला देईल. बघ, फिरून परत तिथेच आलो. आणि "फक्त एनओसी यायचीय" यातला "फक्त" काढून टाक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर बोजा असेपर्यंत फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलतच नाही. तू पैसे देशील, गाडी चालवशील, आणि गाडी कायम वहिनीचीच राहील.

खटकायला पाहिजे ती खरी गोष्ट वेगळीच आहे. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमारच्या केसमध्ये स्पष्ट केलंय की गाडी चार हात फिरली तरी आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. उद्या तू हायवेवर कुणाला ठोकलंस तर नोटीस वहिनीला. सी लिंकवर स्पीडचं चलान, वहिनीला. म्हणजे नाव बदलायची घाई तुझ्यापेक्षा तिला जास्त पाहिजे. आणि इथे नाव बदलायचं तर कुणी बोलत नाही, टोकनची घाई आहे. हे तुला खटकलं नाही? इंजिनियर आहेस ना तू?

तो म्हणेल दुबईला व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. हे खरंय, तिकडे बंद आहे ते, पण आमच्या वाडीतली अर्धी पोरं तिकडेच आहेत आणि रोज बोटिम नावाच्या कॉलिंग ॲपवर आईशी बोलतात. व्हिडिओवर वहिनीला घे, हातात पासपोर्ट धरायला सांग, गाडी कुठून आणि कधी घेतली विचार. खरंच विकायची असेल तर दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये मुखत्यारपत्र साक्षांकित करून मिळतं, ते तिने दिराच्या नावाने पाठवावं. नाहीतर सुट्टीला येईल तेव्हा विकावी. गणपती दरवर्षी येतात.

लोन बाकी निघालं तरी गाडी सोडायला पाहिजे असं नाही, मी तेवढा हट्टी नाही. बँकेकडून त्या तारखेचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन पूर्ण फेडायला किती भरायचे त्याचं पत्र, वहिनीला काढायला लाव, तेवढी रक्कम तू थेट लोन अकाउंटला भर, दिराच्या खात्यात नाही, आणि उरलेले वहिनीच्या खात्यात. मग एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, बोजा उतरला की नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. सह्या तिच्या. कोऱ्या फॉर्मवर आधीच मारून ठेवलेल्या सह्या घेऊ नकोस, त्या कुणी केल्यात देव जाणे. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करून घे, आणि तिचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुला मिळत नाही तेव्हा त्याचे पैसे दिराने किमतीत लावले असतील तर कापून घे.

आता थोडं माझं. २०१६ ला मेव्हण्याची गाडी घ्यायची ठरली. गाडी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नावावर. मी म्हटलं तिला माझ्यासमोर बसवा आणि ओरिजिनल आरसी दाखवा. मेव्हणा म्हणाला घरातल्यांवरही विश्वास नाही का दादा? मी म्हटलं विश्वासाचा प्रश्नच नाही, कार्ड उलटं करा. उलटं केलं तर बँकेचं नाव! लोन फिटून चार वर्षं झाली होती, कुणी बोजा उतरवला नव्हता. म्हणजे लबाडी नव्हती, पण मी बरोबरच होतो ना? बहीण त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही. पुढच्या वर्षी आली, ओवाळताना म्हणाली आधी माझं आधार कार्ड बघणार का. ती म्हणते तू मागितलंस त्याचं काही नाही, चार पाहुण्यांसमोर मागितलंस. असेल. पण एकदा खालची जागा रिकामी बघितली की माणसाला पाहुणे दिसत नाहीत, कार्ड दिसतं. आजही मी तेच करेन, फार तर आत बोलावून करेन.

रविवारी मी येतो तुझ्याबरोबर कांदिवलीला. एक पेन्सिल, पातळ कागद आणि थोडं रॉकेल नाहीतर टर्पेंटाइन घेऊन ये, चेसिस नंबरवरचा मळ पुसून त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, सतरा आकडे-अक्षरं उमटतात, ती आरसीशी एकेक करून जुळवायची. घासून परत ठोकलेला नंबर असेल तर अक्षरांची रांग वाकडी येते, बोटालाही लागतं. दीर कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

आणि टोकन पाठवून बसला असशील तर लपवू नकोस, आत्ताच फोन कर, मी ओरडणार नाही. ओरडेन, पण फोन कर.