जुन्या इटालियन सायकलच्या फ्रेमवर नवे पार्ट लावण्याआधी
अरे, ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, क्रँक यांचा संच) मागवायची घाई नको करू, आधी फ्रेम नीट मोज. बॉटम ब्रॅकेटचं शेल, म्हणजे पेडलचा अ‍ॅक्सल जिथे बसतो ती फ्रेमची आडवी नळी, 70 मिमी रुंद भरलं तर आटे बहुतेक इटालियनच, मग 68 मिमीवाला इंग्लिश कप (बेअरिंग धरणारी आट्यांची वाटी) त्यात बसणारच नाही, आणि इटालियनमध्ये दोन्हीकडे उजवेच (घड्याळाच्या दिशेने आवळायचे) आटे असतात त्यामुळे चेनकडचा कप पेडल मारता मारता सैल होतो, माझा पहिल्याच लाँग राइडला कटकट वाजायला लागला होता, तेव्हा तो टॉर्क रेंचनेच आवळ. मागचं चाक बसतं तिथलं फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर 126 मिमी असेल तर 130 मिमीचं हब (चाकाचा मधला भाग) जबरदस्तीने कोंबू नकोस, स्टील आहे, जाणकार फ्रेमवाल्याकडून कोल्ड सेट करून घे (न तापवता वाकवून अंतर वाढवणं), ड्रॉपआउटही (चाकाचा अ‍ॅक्सल अडकतो त्या खाचा) समांतर करायला सांग. आणि प्लीज, मूळ पेंट खरवडू नकोस, त्या मूळ डिकल्स (फ्रेमवरचे नावाचे स्टिकर) परत मिळत नाहीत रे.