ताज्या फळभाज्यांचं पॅकिंग पर्यावरणपूरक करायचं तर प्लास्टिक पूर्ण बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की ताजी फळं आणि भाज्या पॅक करून घरपोच द्यायचं काम सुरू करताय, प्लास्टिक अजिबात वापरायचं नाही असं ठरवलंय, तर मग कागद, कंपोस्टेबल (म्हणजे कुजून खत होणारी) पातळ फिल्म आणि उसाच्या चिपाडाचे ट्रे यातलं काय घ्यावं. मी काढणीनंतरची हाताळणी आणि पॅकिंग यातच काम करते म्हणून जरा लांबलचक लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते, सुरुवात मटेरियलपासून करू नका, भाजीपासून करा.

भाजी तोडली तरी ती जिवंतच असते, श्वास चालू असतो, ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते, सोबत पाणी आणि उष्णता पण. तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. आणि प्रत्येकीचा वेग वेगळा, ब्रोकोली, मशरूम, मटार, पालेभाज्या यांचा जोरात चालतो, बटाटा-कांद्याचा अगदी सावकाश. म्हणून सगळ्यांना एकच "ग्रीन" पिशवी चालेल असं कोणी विकायला आलं तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की कुठल्या भाजीसाठी आणि किती तापमानाला.

आता खरं म्हणजे बऱ्याच मालाला पॅकिंग लागतच नाही. बटाटे, कांदे, लसूण, भोपळा, संत्री, सफरचंद यांना निसर्गानेच साल दिलीये. ब्रिटनमधल्या 'रॅप' नावाच्या संस्थेने 2022 साली सफरचंद, केळी, ब्रोकोली, काकडी आणि बटाटे या पाच गोष्टी पॅक केलेल्या आणि सुट्या अशा दोन्ही प्रकारे ठेवून बघितल्या होत्या, आणि दिसलं असं की पॅकिंगने बहुतेकांच्या टिकण्यात फारसा फरक पडत नाही, ठेवायच्या जागेचं तापमान किती आहे याने मात्र खूपच पडतो. शिवाय सुटं मिळालं की माणूस लागेल तेवढंच घेतो. सुटं विकलं आणि पाकिटावरची "बेस्ट बिफोर"ची, म्हणजे या तारखेपर्यंत माल उत्तम राहील असं सांगणारी तारीख काढली तर त्या पाच गोष्टींमध्येच ब्रिटनच्या घराघरांतली वर्षाला सुमारे 1 लाख टन नासाडी वाचेल असा त्यांचा अंदाज होता. तुम्ही घरपोच देणार आहात म्हणजे हे तुमच्या हातात आहे, ठरलेल्या वजनाची पाकिटं करण्याऐवजी लोकांना दोन गाजरं हवी असतील तर दोन मागवता येऊ देत. माझ्या मते कुठल्याही कंपोस्टेबल पिशवीपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

पण याची दुसरी बाजू पण बघा. काकडीवर ती घट्ट पातळ प्लास्टिकची फिल्म असते ना, जी बघून सगळ्यांना सगळ्यात जास्त राग येतो, तिचा हिशोब स्वित्झर्लंडच्या 'एम्पा' या संशोधन संस्थेने केला होता. स्पेनहून स्वित्झर्लंडला येणाऱ्या काकडीचा पर्यावरणावर जो एकूण भार पडतो त्यात त्या फिल्मचा वाटा साधारण 1 टक्का निघाला, आणि एक काकडी फेकावी लागली तर तो भार 93 काकड्यांच्या फिल्मइतका. कारण काकडी म्हणजे जवळपास 96 टक्के पाणी, साल पातळ, थोडं पाणी उडालं तरी ती मऊ पडते आणि मग कोणी घेत नाही. ती पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल, ट्रकचा प्रवास सगळं त्या एका काकडीबरोबर कचऱ्यात जातं. अर्थात हा हिशोब लांबच्या प्रवासाचा आहे. सकाळी तोडून संध्याकाळी स्वयंपाकघरात पोचणाऱ्या काकडीला त्या फिल्मची गरज नाही, तिथे ती नुसता कचराच वाढवते. म्हणजे तीच फिल्म एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक, आणि हे ठरतं किती तास लागतात आणि वाटेत गारवा आहे का यावर.

कंपोस्टेबलबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय, कारण इथे चांगल्या मनाच्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत होताना बघते. पीएलए नावाचं जे मटेरियल मका किंवा उसापासून करतात ते घरच्या कुंडीत किंवा खड्ड्यात कुजत नाही, त्याला जवळपास 60 अंशांची उष्णता सतत लागते आणि ती औद्योगिक कंपोस्टिंग प्लांटमध्येच मिळते. पाकिटावर युरोपातलं ईएन 13432 हे मानक लिहिलेलं असलं तरी ते औद्योगिक कंपोस्टिंगचंच आहे, घरच्याचं नाही. तुमच्या ग्राहकांचा ओला कचरा अशा प्लांटला जातो का हे आधी शोधा, जात नसेल तर ती पिशवी शेवटी कचऱ्याच्या ढिगातच जाणार, आणि चुकून पेट बाटल्यांच्या रिसायकलिंगमध्ये शिरली तर तो लॉट पण खराब करते. दुसरं म्हणजे पीएलएमधून पाण्याची वाफ साध्या पॉलिथिनपेक्षा खूप जास्त बाहेर जाते. ज्या मालाला आत घाम येऊन बुरशी लागते त्याला हे बरं पडतं, पण पालेभाजी त्यात लवकर सुकते. म्हणून एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याने पिशवी निवडू नये.

चिपाडाचे ट्रे मला आवडतात, दिसायलाही छान असतात, फक्त पुरवठादाराला लेखी विचारा की पाणी-तेल लागू नये म्हणून त्यात पीएफएएस वर्गातली रसायनं वापरली आहेत का, कारण अशा ट्रेंमध्ये ती सापडलेली आहेत आणि ती निसर्गात मोडत नाहीत. आणि कुठलंही कोटिंग नसेल तर ट्रे ओलावा शोषणार हे धरून चाला, मऊ फळाखाली तो भिजला की तिथूनच सडायला सुरुवात होते.

पूर्ण सील केलेलं पाकीट करणार असाल, मग ते कागदाचं असो, कंपोस्टेबल असो की साधं प्लास्टिक, हवेचा विचार करावाच लागेल. बऱ्याच भाज्यांना आत 2 ते 5 टक्के ऑक्सिजन राहिला तर त्या सावकाश श्वास घेतात आणि जास्त टिकतात, पण तो फार खाली गेला की आंबायला लागतात आणि ब्रोकोलीचं पाकीट उघडल्यावर जो घाण वास येतो तो त्यातलाच. मशरूम तर सीलबंद पाकिटात भोकं न ठेवता देऊच नका, ते ऑक्सिजन झपाट्याने संपवतात आणि ऑक्सिजन नसला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला वाव मिळतो, हा नासाडीचा नाही तर जिवाचा प्रश्न आहे. म्हणून बारीक भोकं पाडलेली फिल्म असते आणि त्या भोकांची संख्या, आकार भाजीनुसार ठरवतात.

तुम्ही एका बॉक्समध्ये मिक्स माल देणार असाल तर इथिलीन लक्षात ठेवा. पिकणारी फळं हा वायू सोडतात, सफरचंदातून तो निघतो हे 1934 साली रिचर्ड गेन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. सफरचंद, पिकलेलं केळं, टोमॅटो यांच्या शेजारी ब्रोकोली आणि काकडी ठेवली की त्या पिवळ्या पडतात, गाजर कडू होतं. फळांना वेगळी कागदी पिशवी किंवा वेगळा बॉक्स एवढं केलं तरी खूप माल वाचतो आणि त्याला कुठलंही नवीन मटेरियल लागत नाही.

पुठ्ठ्याचे बॉक्स घेणार असाल तर दोन गोष्टी. कोल्ड रूममध्ये भाजीसाठी दमटपणा 90-95 टक्के ठेवतात आणि त्या हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्मी किंवा त्याहून कमी होते, मग खालचे बॉक्स बसतात आणि माल चेपतो, म्हणून थर लावताना कोरड्या पुठ्ठ्याचा हिशोब धरू नका. आणि हवेची भोकं बाजूंच्या साधारण 5 टक्के क्षेत्रात असावीत पण कोपऱ्यांपासून लांब, कारण वजन मुख्यतः कोपरेच पेलतात.

पण तुमची ने-आण ठरलेल्या घरांमध्येच आहे ना? मग माझं स्पष्ट मत आहे की परत येणारे क्रेट वापरा. हो, ते प्लास्टिकचेच असतात, आणि म्हणूनच "प्लास्टिक अजिबात नाही" हा नियम मला पटत नाही. घडी घालता येणारा चांगला क्रेट वर्षानुवर्षं फिरतो, भिजला तरी बसत नाही, शेवटी त्याच मटेरियलचा नवा क्रेट होतो. जर्मनीत 1992 साली सुरू झालेल्या आयफको कंपनीने सगळा धंदाच क्रेट भाड्याने द्यायचा, परत घ्यायचा, धुवायचा यावर उभा केलाय. यात खरा खर्च परत न येणाऱ्या क्रेटचा आणि धुण्याच्या पाण्याचा असतो, तेव्हा डिलिव्हरी देतानाच मागचा क्रेट उचलायचा असं पहिल्या दिवसापासून ठेवा.

जिथे प्लास्टिक घ्याल तिथे एकाच प्रकारचं घ्या, वेगवेगळ्या मटेरियलचे एकावर एक थर नकोत, काळा ट्रे तर नकोच कारण त्यातला कार्बनचा काळा रंग रिसायकलिंगच्या सॉर्टिंग मशीनच्या सेन्सरला दिसत नाही.

कायदे पण याच दिशेने चाललेत. फ्रान्सने 1 जानेवारी 2022 पासून दीड किलोच्या आतल्या सुमारे 30 फळं-भाज्यांवर प्लास्टिक बंद केलं, त्यावर कोर्टकचेरी झाली, नियम रद्द होऊन 2023 मध्ये नव्याने आला आणि 2024 मध्ये तोही रद्द झाला. युरोपियन युनियनचा नवीन नियम 1 जानेवारी 2030 पासून दीड किलोपेक्षा कमी ताज्या मालाला एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद करतोय, पण पाणी उडणं, टवटवी जाणं, जंतूंचा धोका, आदळआपट यापासून वाचवायला ते लागतंच असं सिद्ध झालं तर सूट आहे. मला ही सूट योग्य वाटते, कारण प्रश्न शेवटी गरजेचाच आहे.

आता काम कसं सुरू करायचं ते सांगते. तोडल्यावर माल सावलीत न्या, गार करा, मगच भरा, गरम भाजी बंद पिशवीत भरली तर जगातलं कुठलंही पॅकिंग तिला वाचवणार नाही. मग प्रत्येक भाजीचे थोडे नग सुटे, थोडे कागदात, थोडे फिल्ममध्ये ठेवा, रोज वजन करा. वजन 5 टक्क्यांच्या आसपास घटलं की बऱ्याच भाज्या मलूल दिसायला लागतात. ग्राहकाकडे पोचून वापरेपर्यंत जेवढे दिवस जातात तेवढ्यात सुटी भाजी त्या रेषेच्या आत राहिली तर तिला काहीच गुंडाळू नका. राहत नसेल तर आधी कागद, मग फिल्म. आणि ग्राहकांना विचारून लिहून ठेवा की किती टाकून द्यावं लागलं, कारण तो आकडा तुमच्या पॅकिंगच्या वजनाशेजारी ठेवल्याशिवाय कुठलं बरं ते कळणार नाही.

कुठल्या भाज्या, तोडल्यापासून किती तासांत पोचतात आणि वाटेत गारवा आहे का हे कमेंटमध्ये लिहिलंत तर कशाला फिल्म लागेल आणि कशाला नाही ते एकेक करून सांगेन.