उजवी बाजू कोरी ठेवू नकोस

प्रिय मित्रा,

बजेट, करार, तिकीटविक्री हे सगळं कला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतील. ते नीट शीकच. पण जोडीला सहा महिने एखादी कला कुणाच्या तरी हाताखाली शीक, आठवड्यातून दोन तास. शेवटी पाच मिनिटांचं का होईना, लोकांसमोर सादर कर. तोंडाला कोरड पडल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत.

एक वही घे, पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे अंगाला जाणवलं ते लिही. उजवीकडे, त्यामुळे वेळापत्रकातली, करारातली किंवा बजेटमधली कुठली ओळ बदलेल ते. डावीकडे ‘हात गार, पहिली दोन मिनिटं बोटं वळेनात’ असेल, तर उजवीकडे ‘कलाकारांना वेगळी खोली, कार्यक्रमाआधीची शेवटची पंधरा मिनिटं आत कुणी जायचं नाही, पुष्पगुच्छ घेऊनसुद्धा’. उजवी बाजू कोरीच राहू लागली, तर तो नुसता छंद झाला.

वाद्यं जुळवण्याचंच बघ. एसीने हवा गार आणि कोरडी होते. तबल्याची पुडी (वरचं कातडं) सुकून ताणते, सूर चढतो. तारा आकसतात, त्याही चढतात. बासरी मात्र गार हवेत उतरते. वरून दिवे तापले की तारा पुन्हा ढिल्या. म्हणून एसी आणि दिवे कार्यक्रमात असतील तसे दीड-दोन तास आधीच लावायचे आणि वाद्यं त्याच हवेत ठेवायची. नेहमीची चूक म्हणजे ‘साउंड चेक, २० मिनिटं’ असं लिहून मोकळं होणं. मग माइकवाला ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो आणि तंबोरा लावणारा हताश होऊन बघत बसतो. जुळवणीला वेगळा वेळ दे, आणि त्या वेळात सभागृहात शांतता.

चित्रांचंही करून बघ. एका चित्रासमोर तासभर बस. कागदावरच्या जलरंगांना साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात, तैलचित्रांना २०० पर्यंत, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, भरून येत नाही. अशा दालनात डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. हे स्वतः अनुभवलंस की उन्हातून आलेल्याला थेट आत ढकलणार नाहीस. मध्ये मंद उजेडाची जागा ठेवशील.

तालमींना कात्री लावायचा मोह होईल. चौघांची रचना आजही चौघांनाच, तेवढाच वेळ वाजवावी लागते. इतर उद्योगांत पगार वाढतात तसा इथला खर्चही वाढतो, काम मात्र झटपट होत नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी हे १९६६ मध्येच मांडलं. वर्गात ते पाठ होईल. पटेल ते चार ओळी बसवताना घाम फुटल्यावर.

आता धोका. सहा महिन्यांच्या जोरावर गायकाला लय सांगायला जाऊ नकोस. दुसरं, आपल्या कलेकडे पैसा नकळत झुकतो. नाचलेला व्यवस्थापक लवचीक लाकडी फरशीसाठी भांडतो (भांडायलाच हवं, काँक्रीटवर गुडघे जातात) आणि नेपथ्याचा खर्च विसरतो. म्हणून सातव्या महिन्यात, ज्या कलेचा तुला मनापासून कंटाळा येतो तिच्या आठ तालमींना पहिल्यापासून शेवटपर्यंत बस. वही बरोबर ने.