बाकी सगळं उघडतं, एवढीच साइट का अडते?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि इंटरनेट

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या वेषांत आली आहे: नेट चालू आहे, पण कुलपाचं चिन्ह असलेल्या काही ठरावीक साइट उघडत नाहीत. लक्षण एक असलं तरी कारणं वेगळी आहेत, म्हणून उत्तरंही वेगवेगळी देत आहोत. एररचे शब्द लिहून पाठवणाऱ्यांचे खास आभार. ‘साइट चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

प्रश्न : घरी नवं फायबर घेतलं. यूट्यूब, गूगल झकास चालतं. पण एका विमा कंपनीची आणि एका बँकेची साइट उघडताना नुसतं चाक फिरत राहतं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ येतं. त्याच लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट दिला की दोन्ही साइट लगेच उघडतात. लाइन टाकणारा म्हणतो, स्पीड पूर्ण मिळतोय, दोष साइटचा. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : हॉटस्पॉटवर उघडतात म्हणजे लॅपटॉप, ब्राउझर आणि साइट तिघेही सुटले. राहिली लाइन आणि राउटर. स्पीड टेस्टमध्ये हा दोष दिसत नाही, त्यामुळे लाइनवाला खोटं बोलतोय असं नाही. तो भलतीच गोष्ट मोजतोय.

आमचा पहिला संशय एमटीयूवर आहे. नेटवरची माहिती लहान लहान पाकिटांतून जाते. एमटीयू म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात ती मर्यादा. साध्या इथरनेटवर ती १५०० असते. राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड घालून चालणारी लाइन बहुधा पीपीपीओई पद्धतीची असते. ती पद्धत स्वतःसाठी ८ बाइट घेते, म्हणून मर्यादा १४९२ वर येते. समोरच्या सर्व्हरने १५०० चं पाकीट पाठवलं तर वाटेतल्या यंत्राने ‘मावत नाही, लहान करून पाठव’ असा निरोप उलट द्यायचा असतो. सुरक्षेच्या नावाखाली हा निरोपच कुणी अडवला, तर सर्व्हर मोठी पाकिटं पाठवत राहतो आणि ती गुपचूप गडप होतात.

याचा फटका सुरक्षित साइटना सुरुवातीलाच बसतो. जोडणी जुळवताना सर्व्हर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, पाठवतो, आणि त्याची साखळी (सोबत ते देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट) साधारण तीन-चार हजार बाइटची असते. म्हणजे अगदी पहिलंच उत्तर काठोकाठ भरलेल्या पाकिटांतून येतं आणि तिथेच अडकतं. फायरफॉक्समध्ये ती साइट उघडून खाली डाव्या कोपऱ्यात पाहा: ‘परफॉर्मिंग अ टीएलएस हँडशेक’ (सुरक्षित जोडणी जुळवत आहे) ही ओळ तशीच थिजून राहिली असेल तर संशय पक्का होत जातो. गूगल-यूट्यूबची बरीचशी वाहतूक क्विक नावाच्या वेगळ्या पद्धतीने, मुळातच लहान पाकिटांतून होते, म्हणून ते सुखरूप पोचतात.

खात्री अशी करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१’ ही आज्ञा द्या. टाइप अर्थातच इंग्रजीत, एफ आणि एल ही लहान अक्षरं. एफ म्हणजे पाकीट फोडू नकोस, एल म्हणजे आकार, शेवटचा आकडा म्हणजे एका सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता. १४७२ मध्ये वेष्टणाचे २८ मिळवले की १५०० होतात. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं उत्तर आलं तर आकडा १४६४ करा. तेही गेलं नाही तर दहा-दहाने उतरत जा. रिप्लाय येऊ लागेल त्या आकड्यात २८ मिळवा. तो तुमच्या लाइनचा खरा एमटीयू. ‘फ्रॅगमेंटेड’ची तक्रार न येता नुसतं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल आणि लहान आकड्यांना मात्र उत्तर मिळत असेल, तर रोग हाच समजा.

आता राउटरच्या पानावर जा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, नसेल तर राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या लेबलावर सापडेल. तिथे वॅन (बाहेरच्या लाइनच्या) विभागात एमटीयूचा रकाना असतो. आलेला आकडा भरा आणि राउटर बंद-चालू करा. एमएसएस क्लॅम्पिंगचा (समोरच्याला आधीच लहान पाकिटं पाठवायला सांगण्याचा) पर्याय दिसला तर तोही चालू करा. आकडा मागितला तर एमटीयूमधून ४० वजा करून द्या, म्हणजे १४९२ ला १४५२. राउटर कंपनीने कुलूपबंद केला असेल तर तक्रार ‘नेट नीट चालत नाही’ अशी नोंदवू नका, पुन्हा स्पीडच मोजतील. ‘एमएसएस क्लॅम्पिंग तपासा’ असं लेखी द्या.

पिंग १४७२ लाच सुरळीत गेलं तर हा मार्ग सोडा. नेटवर्क अॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही६ ची (नेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची) खूण तात्पुरती काढून साइट उघडून पाहा. उघडली तर दोष लाइनच्या आयपीव्ही६ मध्ये आहे. खूण परत लावा आणि तेवढं कंपनीला कळवा.

प्रश्न : शाळेतल्या संगणकांपैकी एका संगणकावर काही साइट उघडतात, काहींवर ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असा इशारा येतो. तारीख चुकलेली असेल तर सगळ्याच साइट अडायला हव्यात ना? (शिक्षक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तारीख किती चुकली आहे यावर ते अवलंबून आहे. प्रत्येक सर्टिफिकेटला ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशी मुदत असते. घड्याळ काही वर्षं मागे गेलं तर जवळजवळ सगळंच अडतं. महिना-दीड महिनाच मागे असेल, तर नुकतंच सर्टिफिकेट बदललेल्या साइटच अडतात, कारण तुमच्या संगणकाच्या मते ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि साधारण साठाव्या दिवशी बदललं जातं, त्यामुळे असल्या साइट आधी सापडतात. इथून पुढे मुदती आणखी आखडणार आहेत: १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. चुकीचं घड्याळ आजवर चालून गेलं, ते आता चालणार नाही.

वीज गेली की तारीख बदलते का, ते पाहा. बदलत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, घड्याळजीकडेही मिळतो. विजेची वायर काढून, बाजूची खिट्टी दाबली की तो वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग तारीख आधी हाताने बरोबर लावा आणि त्यानंतरच ‘सिंक नाउ’ दाबा. फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर विंडोज आपणहून दुरुस्ती करायला नकार देतं, आणि ‘सिंक होत नाही’ म्हणून माणूस उगाच दुसरीकडे शोधत बसतो. टाइम झोनही पाहा. तो अमेरिकेतला पॅसिफिक राहिला आणि वेळ हाताने भारताची लावली, तर भिंतीवरच्या घड्याळाशी मेळ बसतो, पण आतून संगणक सुमारे तेरा तास पुढे पळत असतो.

प्रश्न : फोन जुना आहे, अँड्रॉइड ६. वर्षानुवर्षं उघडणाऱ्या काही साइटवर ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ येऊ लागलं. तारीख बरोबर आहे. (वाचक, मडगाव)

उत्तर : फोनमध्ये विश्वासू संस्थांच्या मूळ सर्टिफिकेटांची यादी असते आणि ती फोनच्या अपडेटबरोबरच बदलते. लेट्स एन्क्रिप्टचं ‘आयएसआरजी रूट एक्स१’ हे मूळ सर्टिफिकेट ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडमध्ये नाही. ज्या जुन्या मुळाच्या आधारावर काम चालायचं, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. जुनं अँड्रॉइड मुळाची मुदत तपासतच नाही. त्याचा फायदा घेऊन नव्या मुळावर जुन्याची जोडसही करून आणखी तीन वर्षं काढली गेली. तीही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. साइटवाल्यांनी काही बिघडवलेलं नाही.

इलाज म्हणजे फायरफॉक्स. तो फोनच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी बरोबर आणतो. प्ले स्टोअर तुमच्या फोनला जी शेवटची आवृत्ती देईल ती घ्या. इतर अॅप मात्र फोनचीच यादी वापरत असतील, तर ती अडतच राहतील. बँकेचा व्यवहार या फोनवरून नकोच. त्याला सुरक्षेचे अपडेट कधीचेच बंद झाले आहेत.

विंडोज ७ वाल्यांनाही हेच. क्रोम तिथे १०९ वर थांबला, २०२३ च्या जानेवारीत. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही दीर्घ मुदतीची आवृत्ती चालते. मोझिलाने तिची मुदत अनेकदा वाढवली, पण ती तात्पुरती सोय आहे. ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणा. ३२ बिट की ६४ बिट, ते आधी कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पाहून घ्या.

प्रश्न : ऑफिसात एकाच साइटवर इशारा येतो, घरी येत नाही. ‘अॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे गेलं तर चालेल का? (वाचक, पिंपरी)

उत्तर : पासवर्ड किंवा पैसे द्यायचे असतील तर नाही. आधी इशाऱ्याच्या पानावरून सर्टिफिकेट उघडा आणि ‘इश्यूड बाय’ समोर काय आहे ते वाचा. तिथे अँटीव्हायरसचं किंवा ऑफिसच्या फायरवॉलचं (नेटची ये-जा तपासणाऱ्या यंत्राचं) नाव असेल, तर तेच मध्ये बसून वाहतूक उघडून पाहत आहेत आणि त्यांचं मूळ सर्टिफिकेट तुमच्या ब्राउझरमध्ये नीट बसलेलं नाही. घरच्या संगणकावर असं दिसलं तर अँटीव्हायरसमधलं एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून पाहा. ऑफिसात ते काम आयटी विभागाचं. पत्त्यात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ घातलं की इशारा येतो आणि काढलं की जातो, असं असेल तर सर्टिफिकेटमध्ये एकच नाव घातलं आहे. ती चूक साइटचीच.

इशारा न येता नुसतं ‘कनेक्शन रीसेट’ येत असेल तर फायरवॉल जुनी आहे का ते आयटीला विचारा. २०२४ मधल्या क्रोम १२४ पासून जोडणीच्या पहिल्या निरोपात क्वांटम संगणकांपासून बचाव करणारी हजाराहून अधिक बाइटची किल्ली जाते. तो निरोप आता एका पाकिटात मावत नाही, आणि दुसऱ्या पाकिटाची वाट न पाहणारी काही जुनी यंत्रं जोडणीच तोडून टाकतात. फायरवॉलचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) अद्ययावत केलं की हा प्रकार थांबतो.