ऐकीव गोष्टीवर किती विश्वास ठेवावा?

आपल्या समजुती तपासायच्या कशा आणि चिकित्सक विचाराची तत्त्वं कोणती, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्याच्या समजुतीची चिकित्सा कोणीही करतं. मी बडोद्याचा, तेव्हा आमच्याच अभिमानाची गोष्ट घेतो.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो : आपला लक्ष्मी विलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे. पुराव्याला आकडे : आपला ३,०४,९२,००० चौरस फूट, त्यांचा ८,२८,८२१.

आधी नुसता भागाकार करा. उत्तर चौपट नाही, जवळपास ३७ पट येतं. म्हणजे मजकुराचंच मजकुराशी पटत नाही, आणि हे कळायला इतिहासाची पदवी लागत नाही. मग एकक बदलून पाहा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आपल्या आकड्याला त्याने भागलं की बरोब्बर ७०० येतात, बाकी शून्य. सातशे एकर हे तर बागा-मैदानांसकट सगळ्या आवाराचं सांगितलं जाणारं क्षेत्रफळ! त्यांचा आकडा मात्र इमारतीतल्या सगळ्या मजल्यांचा : ७७,००० चौरस मीटर, फुटांत केलेले. एकीकडे जमीन मोजली, दुसरीकडे फरशी.

‘अरे, पण सगळीकडे हेच लिहिलंय,’ मामा म्हणाले. सगळीकडे शेवटच्या शून्यापर्यंत तोच आकडा असेल, तर ते वेगवेगळे साक्षीदार नव्हेत, एकाच कागदाच्या झेरॉक्स आहेत.

आता घाईने उलट टोकालाही जाऊ नका. पुरावा पडला म्हणून दावा खोटा ठरत नाही. त्याचा आधार तेवढा जातो. १८९०मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात पूर्ण झालेला हा राजवाडा भव्य आहे, यात शंका नाही. ‘चौपट’ला मात्र सध्या आधार नाही, एवढंच म्हणता येतं. आणि खरं सांगू, हाच मजकूर उलटा, लंडनच्या बाजूने आला असता, तर अख्ख्या ग्रुपने तत्क्षणी कॅल्क्युलेटर काढले असते. छाती फुगवणारी गोष्टच जास्त कसून तपासावी लागते ती यामुळे.

मामांना मी ‘खोटं आहे’ म्हटलं नाही. तसं म्हटलं की माणूस अडून बसतो. ‘यातला जमिनीचा आकडा कुठला आणि बांधकामाचा कुठला?’ एवढंच विचारलं. त्यांनी हिशेब केला आणि मलाच उलट विचारलं, ‘बरं, मग खोल्या किती आहेत त्यांच्याकडे?’

७७५, मी लिहिलं. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.